साडेनऊ हजारांचं काळं छत

बसलिंगप्पा बिराजदारांनी आयुष्यात दुकानदाराने सांगितलेला पहिला भाव कधी खरा मानला नाही. दुसराही मानला नाही. तिसऱ्या भावाला ते मान हलवायचे, पण ती आपली हलवायची म्हणून. घरी आल्यावर बायकोला, शिवकन्याबाईंना, म्हणायचे, "फसवलं तर हायच, पर किती फसवलं ते कळंना."

दोष त्यांचा नाही, नोकरीचा. रेणापूरच्या शेतकरी घरातला हा माणूस वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून चिकटला आणि चौतीस वर्षं दुकानादुकानांतून काटे तपासत हिंडला. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं ओतून वर सरकारी शिक्का मारतात. कोणी बहाद्दर ते शिसं कोरून काढतो आणि भोक रंगवून टाकतो. बसलिंगप्पांचं बोट त्यावरून एकदा फिरलं की खेळ खलास. उदगीरपासून अहमदपूरपर्यंत किराणावाले त्यांना लांबून बघूनच काटा पुसायला घ्यायचे. लाच त्यांनी कधी खाल्ली नाही, हे त्यांचे दुश्मनही कबूल करतील. दुश्मन बरेच होते.

निवृत्त झाले, लातुरात औसा रोडच्या मागे घर बांधलं, आणि मग तपासायला उरलं काय, तर घर. मेथीची जुडी घरी आल्यावर पुन्हा तोलली जायची. दूधवाल्याचं माप ठरलेल्या दिवशी नाही, तर न ठरलेल्या दिवशी बघितलं जायचं. बायकोचा मोबाइल रोज संध्याकाळी त्यांच्या हातात असायचा. त्यात लपवण्यासारखं काही नाही असं दोघंही म्हणत, आणि तरी दोघांनाही ते आवडत नसे.

या सगळ्यात त्यांचं एकच दुखणं होतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. एकुलती एक मुलगी तनुजा त्यांच्याशी बोलेनाशी झाली होती. लहानपणी स्कूटरवर पुढे उभी राहून शाळेतली सगळी कुलंगडी सांगणारी पोर, आता नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होती. फोन यायचा तो आईला. बसलिंगप्पांनी मागून घेतला तर पलीकडून तीन वाक्यं यायची: बरी आहे अप्पा, जेवले अप्पा, ठेवते अप्पा. पोरगी आपल्याला खरं सांगत नाही, हे त्यांना आतून कुरतडत होतं. काय सांगत नाही, ते मात्र कळत नव्हतं, आणि न कळणं हा प्रकार त्यांना सोसणाराच नव्हता.

दिवाळी दहा-बारा दिवसांवर आली असताना एका संध्याकाळी शिवकन्याबाईंच्या मोबाइलात त्यांना एक फोटो दिसला. तनुजाने पाठवलेला. नांदेडच्या देगलूर नाक्यावरच्या कुठल्याशा कार डेकोरच्या दुकानाचा कागद होता, त्यावर बॉलपेनने लिहिलं होतं: 'छत, विनाइल रॅप, ग्लॉस ब्लॅक. एकूण ९,५००.' खाली मालकाची सही, ताहेर. आणि फोटोच्या खाली तनुजाचा एक मेसेज होता, जो आता नव्हता. 'हा मेसेज डिलीट केला आहे,' एवढंच उरलं होतं.

"हे काय हाय?" बसलिंगप्पांनी विचारलं.

"गाडीच्या छताला काळा कागद लावून घ्यायली म्हणे. फॅशन हाय ती आजकाल," शिवकन्याबाई भाकरी थापत म्हणाल्या. मान वर केली नाही.

"साडेनऊ हजाराचा कागद?"

"पोरगी कमावती हाय. करू द्या की तिला."

"आन् डिलीट काय केलं?"

"चुकून काही लिहिलं आसंल. मला काय ठाव."

मान वर केली नाही, हे बसलिंगप्पांनी टिपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेजारच्या व्यंकटरावांच्या अंगणात टेप घेऊन उभे होते. व्यंकटरावांची गाडी तनुजाच्याच कंपनीची, त्याच मॉडेलची. व्यंकटराव ब्रश तोंडात घेऊन बाहेर आले, तर हा माणूस त्यांच्या गाडीच्या छताची लांबी-रुंदी मोजून पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतोय.

"काय करायलाव बसलिंगप्पा?"

"काही न्हाई. सहज."

सहज पाच फूट बाय चार फूट निघालं. कडा दुमडायला अर्धा-अर्धा फूट धरला तरी तीस चौरस फुटांच्या वर काही जात नव्हतं. मग बसलिंगप्पांनी लातुरातली तीन दुकानं पालथी घातली. पहिला अठ्ठावीसशे म्हणाला. दुसरा पस्तीसशे, तीन वर्षांची गॅरंटी. तिसऱ्याने चार हजार दोनशे सांगितले आणि वर फिल्म परदेशी असल्याची शपथ घेतली. बसलिंगप्पांना तिघंही चोर वाटले, पण चोरांचाही बाजारभाव असतो. साडेनऊ हजार त्या भावात कुठेच बसत नव्हते.

उरलेल्या पाच हजारांचं काय? रात्रभर त्यांनी कूस बदलली. एकटी पोरगी बघून कोणी लुबाडत असेल, हा एक विचार. पोरगी मुद्दाम फुगवून सांगत असेल आणि ते पैसे भलतीकडे जात असतील, हा दुसरा. आणि तिसरा विचार असा, की या सगळ्यात कोणी पोरगा आहे. तो त्यांनी मनाशीही पुरता उच्चारला नाही. मग आठवलं, गौरी-गणपती झाल्याबरोबर शिवकन्याबाई आठ दिवस नांदेडला जाऊन राहिल्या होत्या. तनुजाच्या मैत्रिणीच्या आईचं ऑपरेशन होतं, सोबत लागते म्हणून. आल्यावर बसलिंगप्पांनी पिशवीतलं एसटीचं तिकीट काढून बघितलं होतं. बायकांचं अर्धं तिकीट, तारीख बरोबर, गाव बरोबर. तेव्हा ते गप्प बसले होते. आता वाटलं, गावाचं नाव तेवढं खरं, बाकी कशावरून?

शनिवारी पहाटे, रेणापूरला भावाकडे जातो असं सांगून ते नांदेडच्या एसटीत बसले. चौतीस वर्षं खोट्या वजनांचा शोध घेतलेल्या माणसाने पहिल्यांदाच बायकोला थाप मारली, आणि त्याचं त्यांना काही वाटलं नाही, कारण हा तपासाचा भाग होता.

साडेअकराच्या सुमाराला ते देगलूर नाक्यावर पोचले. दुकान म्हणजे एक लांबट शेड. बाहेर सीट कव्हरं टांगलेली, आत दिव्यांच्या उजेडात एक गाडी उभी. पांढरी, नंबर नांदेडचा. तनुजाचीच. बाजूला काळ्या फिल्मचा रोल स्टँडवर लावलेला, आणि चाळिशीचा एक बारीक माणूस हातात पांढरे सुती मोजे घालून छत पुसत होता. हाच ताहेर. पुसून झालं की वाकून उजेडात बघायचा, पुन्हा पुसायचा.

बसलिंगप्पांनी ओळख दिली नाही. म्हणाले, "आमच्या पाव्हण्याची आशीच गाडी हाय. छताला काळं करून घ्यायचं म्हणतोय. किती घेताव?"

"साडेचार हजार, काका," ताहेर म्हणाला. "फिल्म चांगली लावतो. उन्हानं फुगली, सुटली तर तीन वर्षं मी बसलोय इथं."

"कमी न्हाई?"

"चार हजारच्या खाली परवडत न्हाई. मी खोटं कशाला बोलू."

बसलिंगप्पांच्या अंगातून वीज गेली. सापडला! कुणालाही साडेचार, आणि आपल्या पोरीला साडेनऊ. इतका सरळ गुन्हेगार त्यांना नोकरीतही क्वचित भेटला होता. त्यांनी आवाज मऊ ठेवला. "आन् ही गाडी? हिचे किती घेतले?"

ताहेरचा पुसणारा हात थांबला. "ही... ही वेगळी हाय. हिला इंपोर्टेड माल लावायलो."

"कुठंय इंपोर्टेड?"

"हा काय, रोल."

बसलिंगप्पा रोलपाशी गेले. डबीतला चष्मा काढून त्यांनी लेबल वाचलं, रोलची धार दोन बोटांत धरून चोळली. "माझ्या पाव्हण्याला कुठला लावणार होता?"

दुकानात दुसरा रोलच नव्हता.

मग ते छताकडे वळले. छत तर चांगलं दिसत होतं! नुकतं रंगवल्यासारखं गुळगुळीत, पांढरं. चांगल्या छताला झाकायचं कशाला? बसलिंगप्पांनी बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. निवृत्तीनंतरही त्यांच्या पिशवीत एक अंगठ्याएवढं चुंबक असायचं, शिसं भरलेली जागा शोधायला ते फार उपयोगी पडायचं. ते त्यांनी काढलं आणि छताच्या कडेला टेकवलं. खट्दिशी चिकटलं. हातभर आत सरकवलं, तर सुटलं. पुन्हा लावलं, पुन्हा घरंगळून आलं. मधला सगळा भाग असाच. पत्र्यावर जाड पुट्टी भरलेली होती.

"काका, हात नका लावू. आताच साफ केलंय," ताहेर म्हणाला.

"हात नका लावू?" आता बसलिंगप्पांचा आवाज चढला. "चांगल्या पत्र्यावर पुट्टी फासायची, वर चोपडायचं आन् पोरीबाळींकडून दुप्पट पैसे काढायचे! तुझ्यासारखे लई बघितले. चौतीस वर्षं हेच केलं मी. चल पोलीस ठाण्याला!"

शेजारच्या चहाच्या टपरीवरची चार माणसं शेडच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. ताहेरने त्यांच्याकडे बघितलं. हळूच एकेक बोट मोकळं करत मोजे काढले. "आवाज खाली करा काका. माझं दुकान हाय, माझी इज्जत हाय. तुम्ही मॅडमचे कोण?"

"बाप."

ताहेरने टपरीवरच्या माणसांना हाताने जायला सांगितलं, आणि एक प्लास्टिकची खुर्ची ओढून बसलिंगप्पांपुढे ठेवली.

"बसा. मी मॅडमला जबान दिली होती. पर तुम्ही मला चोर म्हणलात, आता मला बोलावंच लागंल. मॅडमची गाडी उलटी झाली होती, काका. किनवटहून येत होत्या. परीक्षेची ड्यूटी होती तिकडं. जंगलात वळणावर रानडुक्कर आडवं आलं. गाडी रस्त्याखाली उतरून एक पलटी खाल्ली. छत आत बसलं होतं, हे असं." त्याने दोन्ही तळव्यांची ओंजळ करून दाखवली.

बसलिंगप्पा बसले नव्हते. ते आता बसले.

"कधी?"

"महिना-सव्वा महिना झाला. गणपती नुकते गेले होते. हसळी मोडली होती मॅडमची, ही खांद्याजवळची. तीन हप्ते पट्टा होता. आई आल्या होत्या ना त्यांच्या. गाडी बघायला इथं आल्या, ह्याच खुर्चीवर बसल्या होत्या. लई रडल्या."

अर्धं तिकीट. तारीख बरोबर, गाव बरोबर. बसलिंगप्पांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. खांद्याचं हाड मोडून पोरगी इथे पट्टा बांधून पडली होती, आणि ते लातुरात मेथी तोलत होते. त्यांना इतकी लाज वाटली की ताहेरकडे बघवेना, आणि लाजेच्या पाठोपाठ धसका आला. एक पलटी. दुसरी खाल्ली असती तर?

"मग हे पाच हजार जास्तीचे..." त्यांना दुसरं काही सुचलं नाही म्हणून त्यांनी विचारलं.

"फिल्मचे साडेचारच लावलेत. बाकी छताचे." ताहेरचा आवाज आता निवळला होता. "डेंटरनं पत्रा उचलला, पर फिल्म लई पातळ, खालचं सगळं वर दाखवते. दुसरं गिऱ्हाईक असतं तर एक हात पुट्टी, एकदा घासलं, बास, हजार-बाराशेत झालं असतं. कुणी छतावर चढून बघत न्हाई. मॅडम ऐकंनात. दर दोन दिवसांनी यायच्या, डोळे मिटून बोट फिरवायच्या. म्हणायच्या, भाई, अजून लागतंय. आमचे अप्पा दिवाळीत गाडीवरून हात फिरवतील, त्यांच्या बोटाला कळलं न्हाई पाहिजे. चार बार घासलंय मी. वर प्रायमर, वर रंग. तरी त्यांना पांढऱ्याचा फरक दिसायचा. मग म्हणल्या, काळंच करून टाका सगळं."

असा तो हिशोब होता. फिल्मचे साडेचार, आणि पाच हजार बसलिंगप्पांच्या बोटाचे. तीन दिवस ज्या पाच हजारांच्या मागावर ते निघाले होते, ते असे स्वतःपाशीच येऊन थांबले. त्यांनी हातातलं चुंबक पिशवीत टाकलं आणि पिशवी मांडीवर धरून बसून राहिले. ताहेरने चहा मागवला. तो त्यांनी निमूट घेतला.

आता ही जी गोष्ट सांगायची, ती बसलिंगप्पांच्या बाजूने बोलणाऱ्यालाही जड जाते. चहा पिता पिता, डोळ्यांत पाणी असताना, त्यांच्या मनात एक प्रश्न उठला. किनवटहून येताना गाडीत तिच्यासोबत कोण होतं? त्यांनी तो दाबला. तो पुन्हा वर आला. त्यांनी स्वतःला मनातल्या मनात एक शिवी दिली, आणि ठरवलं की आज पोरगी आली की एकच विचारायचं, लागलं का. दुसरा शब्द काढायचा नाही.

एकच्या पुढे बाहेर रिक्षा थांबली. शनिवारचं अर्ध्या दिवसाचं कॉलेज आटोपून तनुजा गाडी बघायला आली होती. खांद्याला पर्स, ती डाव्या खांद्याला, एरवी उजव्याला असायची. बसलिंगप्पांना आता तेही दिसलं. ती शेडमध्ये आली, खुर्चीवरच्या माणसाला तिने ओळखलं, आणि तिचा चेहरा एकदम कोरा झाला. लहानपणी हाच चेहरा बाप दिसला की उजळायचा.

"अप्पा? तुम्ही इथं काय करायलाव?"

बसलिंगप्पा उठले. किती तरी बोलायचं होतं. "तनू," ते म्हणाले, "लई लागलं होतं का गं?"

तनुजाने ताहेरकडे बघितलं. ताहेरने मान खाली घातली. ती परत वडिलांकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत रडू नव्हतं, रागही नव्हता. ती त्यांना निरखत होती.

"पुढचं विचारा," ती म्हणाली.

"पुढचं काय?"

"अप्पा, तुम्ही असं मऊ बोलायला लागलाव की मला भ्या वाटतं. चौथीत कंपासपेटी हरवली तेव्हा तुम्ही आधी विचारलं होतं, तनू, भूक लागली का. मग जेवू घातलं. मग दोन तास उभं केलं. आईला बी तसंच विचारताव. विचारा ना. स्पीड किती होता. किनवटला कशाला गेले. सोबत कोण होतं."

"मला ते काही विचारायचं न्हाई."

"खरंच न्हाई?"

चौतीस वर्षं त्यांच्यापुढे उभ्या राहिलेल्या दुकानदारांना काय वाटत असेल, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

तनुजाने वाट बघितली. मग थकल्यासारखी म्हणाली, "एकटीच होते. हाडाचा आवाज आला तो मला आला. बाकी कुणी न्हवतं. आंधार पडेपर्यंत तिथंच बसले होते, आन् पहिल्यांदा तुम्हालाच फोन लावला होता. वाजायच्या आत कापला. पटलं का?"

"पटलं," बसलिंगप्पा म्हणाले. मग घाईने म्हणाले, "पटलं गं बाळा. आता हे काळं कशाला लावायचं? ज्याच्यापसून लपवायचं त्याला कळलंच की. राहू दे. तसंच छान दिसतंय. फिल्मचे पैसे बी वाचतील."

तनुजाने क्षणभर छताकडे बघितलं. तिचा हात तिकडे गेला, पण छताला लागायच्या आत तिने तो मागे घेतला.

"पटलं म्हणताना तुम्ही ताहेरभाईंकडं बघितलंत, अप्पा."

बसलिंगप्पांनी बघितलं होतं, पोरगी खरं बोलते का ते ताहेरच्या तोंडावर ताडायला. नजर कधी गेली ते त्यांनाही कळलं नव्हतं.

"लावा, भाई," तनुजा म्हणाली. ताहेरने मोजे पुन्हा हातांत चढवले आणि रोलची कड मोकळी केली.